झुंबर १७९२ चं, पिस्तूल मात्र १८४० चं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय : रविवारच्या पुरवणीतलं राजघराण्याच्या मालिकेचं परीक्षण आणि त्यातल्या बंदुका

तुमच्या रविवारच्या पुरवणीत त्या युरोपियन राजघराण्याच्या मालिकेवर अख्खं पान आलंय ते वाचलं. मालिका त्याआधीच बघून झाली होती, घरात सून आणि आमची सौ. दोघी बघत होत्या म्हणून मी पण बसलो, आणि बसलो ते शेवटपर्यंत बसलो. नाव लिहीत नाही, उगाच त्यांची जाहिरात कशाला, ज्यांनी बघितलीय त्यांना कळेलच. राज्य काल्पनिक आहे पण पहिल्याच एपिसोडला पडद्यावर मोठ्या अक्षरात १७९२ असं साल येतं, म्हणजे साल त्यांनीच सांगितलंय, मी लादत नाहीये.

तर तुमच्या परीक्षणकारांनी झुंबरं, गाऊन, विग, घोडागाडीची चाकं, अगदी जेवणाच्या टेबलावरच्या मेणबत्त्यांपर्यंत सगळ्याचं कौतुक केलंय, तपशिलात कुठेही बोट ठेवायला जागा नाही असं लिहिलंय, आणि खटकलेली गोष्ट एकच सांगितलीय ती म्हणजे राणी स्वतः बंदूक घेऊन पाखरं पाडते तो सीन. त्यांच्या मते हे आजचे विचार त्या काळावर चिकटवलेत. संपादक साहेब, नेमकं उलटं आहे हो. राणीचा तो सीन बरोबर आहे आणि बाकी जिथे जिथे बंदूक दिसते तिथे ती चुकलीय.

आधी राणीचं बघू. जर्मनीत म्युनिकला निंफेनबर्ग राजवाड्याच्या बागेत आमालिएनबुर्ग नावाचा एक छोटा महाल आहे, १७३४ ते १७३९ मध्ये बांधलेला, आणि तो बांधलाच मुळी बव्हेरियाच्या राजाची, म्हणजे तेव्हाच्या इलेक्टरची बायको मारिया आमालिया हिच्या शिकारीसाठी. वर गच्चीवर खास मचाण, तिथे उभं राहून बाईसाहेबांनी फेझंट पक्षी पाडायचे, आणि खाली एक खोली अशी की वरच्या कपाटात बंदुका आणि त्याच कपाटाच्या खालच्या खणात शिकारी कुत्र्यांच्या झोपायच्या जागा. मधला आरसेमहाल बघायला आज लोक तिकीट काढून जातात, पण मूळ काम शिकारीचं. रशियाची सम्राज्ञी आन्ना, १७३० ते १७४० राज्य केलं तिने, ती तर राजवाड्याच्या खिडकीतून उडती पाखरं पाडायची, भरलेल्या बंदुका हाताशी तयार ठेवलेल्या असायच्या. आणि इतकं मागे कशाला, आपल्याला शाळेपासून माहीत असलेली व्हिक्टोरिया राणी, तिने २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या मैदानावर रायफल स्पर्धेचं उद्घाटन स्वतः गोळी झाडून केलं होतं. अर्थात रायफल स्टँडवर पक्की बसवलेली, नेम आधीच धरून ठेवलेला, राणीने फक्त रेशमी दोरी ओढायची, पण ४०० यार्डांवरून गोळी मधल्या बिंदूपासून सव्वा इंचावर लागली. त्या रायफलची नळी आतून षटकोनी असते, व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरची करामत. हा तोच व्हिटवर्थ ज्याच्या नावाचे स्क्रूचे आटे आमच्या लाइनमधल्या जुन्या माणसांच्या अजून तोंडात आहेत. असो, ते निघालं की मी थांबत नाही.

सांगायचं एवढंच की त्या काळातल्या राजघराण्यातल्या बायका बंदुका चालवायच्या, त्यात आजचं काही चिकटवलेलं नाही.

आता चुकलंय काय ते. मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला नोकरी केली, रिटायर झालोय, त्यामुळे धातूची वस्तू दिसली की डोळे आपोआप स्क्रू आणि स्प्रिंगकडे जातात. चौथ्या एपिसोडला तो कट करणारा सरदार मेणबत्तीच्या उजेडात पिस्तूल साफ करतो, कॅमेरा अगदी जवळ जातो, हस्तिदंती मूठ, चांदीचं नक्षीकाम, बघत राहावं असं. मी पॉज केलं. १७९२ चं पिस्तूल म्हणजे चकमकीचं पाहिजे. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढला की पुढे आपटतो त्या भागाच्या, जबड्यात कातड्यात गुंडाळलेला गारेचा म्हणजे गारगोटीचा तुकडा, त्याच्या समोर उभी पोलादी पट्टी, पट्टीच्या पायाशी छोटी वाटी, वाटीत चिमूटभर बारीक दारू म्हणजे रंजक, आणि वाटीतून नळीच्या आत जाणारं बारीक भोक. चाप ओढला की गार पट्टीवर घासते, ठिणग्या पडतात, पट्टी मागे उलटते, रंजक भपकन पेटते, ती आग भोकातून आत जाते आणि मग बार उडतो. इथे काय होतं? गार नाही, पट्टी नाही, वाटी नाही. नळीच्या मागे एक बोंडशी आणि तिच्यावर आपटणारा हातोडीसारखा घोडा. म्हणजे केपचं पिस्तूल, केप म्हणजे बोंडशीवर बसवायची, ठोका बसला की फुटणारी छोटी टोपी. आणि घोड्याच्या बाजूला जो स्क्रू आहे तो चक्क स्टार स्क्रू! तो स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आला. माझी सून म्हणाली बाबा तुम्ही सोडून हे कोणाला दिसणार आहे. दिसायला कॅमेरा त्यांनीच इतका जवळ नेला ना.

केपची गोष्ट पण मजेशीर आहे, आणि तीही शिकारीतूनच आलीय. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा पाद्री, अलेक्झांडर फॉर्सिथ, त्याला बदकांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर वाटीत आधी भपका होतो आणि मग बार निघतो, मधला तो क्षण पाखरांना पुरतो, उजेड दिसला की ती उडालीच. म्हणून या माणसाने ठोका बसला की फुटणारा मसाला वापरून बाहेरचा भपकाच काढून टाकला आणि १८०७ ला पेटंट घेतलं. तांब्याची टोपीसारखी केप त्याच्याही नंतरची, आणि ब्रिटिश फौजेने केपच्या बंदुका घेतल्या त्या १८४० च्या आसपास. म्हणजे मालिकेतला सरदार जे पिस्तूल साफ करतोय ते त्याच्या नातवाचं असू शकतं, त्याचं नाही.

कोणी म्हणेल काय फरक पडतो, पिस्तूल ते पिस्तूल, गोष्ट महत्त्वाची. हेच मला पटत नाही आणि त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. राजघराण्याच्या गोष्टीत बंदूक म्हणजे नुसती शोभेची वस्तू नसते, कोण वाचलं आणि कोण मेलं हे तिच्या यंत्रावर ठरलेलं असतं. यंत्र बदललं की गोष्ट खोटी पडते, मग गाऊनच्या लेसा कितीही खऱ्या असोत.

मालिकेतला क्लायमॅक्स घ्या. मुखवट्यांचा नाच, राजा काळ्या मुखवट्यात, आणि मारेकरी हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या जिन्यावरून एका पिस्तुलातून धाडधाड तीन गोळ्या मारतो. हे सरळ सरळ स्वीडनच्या तिसऱ्या गुस्तावचं प्रकरण उचललंय, साल पण तेच ठेवलंय. पण खरं प्रकरण बघा कसं आहे. १६ मार्च १७९२, स्टॉकहोमचं ऑपेरा हाउस. राजाला त्याच संध्याकाळी निनावी चिठ्ठी आली होती की जाऊ नको, तरी गेला, आधी बॉक्समध्ये सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला, काही झालं नाही म्हटल्यावर खाली नाचाच्या गर्दीत उतरला. मुखवटा होता पण छातीवर राजपदकाचा तारा चमकत होता, ओळखायला वेळ लागला नाही. काळे मुखवटे घातलेल्या माणसांनी घेरलं आणि याकोब योहान आंकरस्ट्रम नावाच्या माजी अधिकाऱ्याने मागे जाऊन पाठीत, कमरेच्या वर, अगदी जवळून गोळी घातली.

एवढ्या जवळून का? कारण चकमकीचं पिस्तूल, आत रेषा न पाडलेली गुळगुळीत नळी, वीस पावलांवरून पण गर्दीत भलत्यालाच लागलं असतं, आणि एकदा बार काढला की संपलं, परत भरायला अर्धा मिनिट कोण देतंय. बरं बार निघेल याचीही खात्री नाही, म्हणून त्याने दोन पिस्तुलं नेली होती आणि वर सुरा. आत नुसती गोळी नव्हती, दोन गोळ्या, छर्रे आणि खिळे ठासले होते, कारण एकच संधी आहे हे त्याला माहीत होतं. आणि राजा जागच्या जागी मेला नाही हो, तेरा दिवस जगला, जखम चिघळली आणि २९ मार्चला गेला.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. बार उडाल्यावर कटवाल्यांनी आग आग म्हणून ओरडा केला, म्हणजे पळापळ होईल आणि त्यात निसटता येईल. पण पोलीस प्रमुख लिल्येनस्पारे, त्याने दरवाजे बंद करून घेतले, प्रत्येकाला मुखवटा काढायला लावून नाव लिहून घेतलं. आंकरस्ट्रम पण नाव सांगून निघून गेला. पिस्तुलं मात्र जमिनीवर टाकली होती. दुसऱ्या दिवशी शहरातल्या बंदूक कारागिरांना बोलावून ती दाखवली आणि एकाने सांगितलं, ही मी दुरुस्त केलीत, अमुक माणसाची आहेत. झालं, सापडला. कारागिराने आपल्या हाताचं काम ओळखलं यावर एका राजाच्या खुनाचा तपास लागला! तेव्हा प्रत्येक पिस्तूल हाताने घासून, बसवून केलेलं असायचं, दोन सारखी नसायची, म्हणूनच हे जमलं. ती पिस्तुलं आणि राजाचे त्या रात्रीचे कपडे आजही स्टॉकहोमच्या शाही शस्त्रागार म्युझियममध्ये आहेत. एवढा आयता थरार हातात असताना मालिकावाले जिन्यावरून तीन गोळ्या मारतात आणि मारेकरी सापडतो कसा, तर त्याच्या प्रेयसीचं पत्र मिळतं म्हणून. अरे काय!

दुसरी गोष्ट धुराची. त्या हॉलमध्ये तीन बार निघतात आणि झुंबराची एक मेणबत्ती पण धूसर होत नाही. आमच्या काकांकडे संगमेश्वरला ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर, डुकरं आणि माकडं हाकलायला. ती भरताना मी शेजारी उभा राहून बघितलेलं आहे. आधी दारू मापाने नळीत, मग काथ्याचा बोळा, गज घालून ठासायचं, ते पण काका मनात मोजल्यासारखं ठरावीक ठोके मारायचे, मग छर्रे, परत बोळा, परत गज, गज आठवणीने बाहेर, मग बोंडशीवर केप, एवढं होईपर्यंत डुक्कर शेजाऱ्याच्या वरईत. आणि बार निघाला की समोर पांढरा ढग, सड्यावर मोकळ्या वाऱ्यात सुद्धा काही क्षण समोरचं दिसायचं नाही, नंतर कपड्यांना गंधकाचा वास संध्याकाळपर्यंत. बंद हॉलमध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात काय झालं असेल विचार करा. आंकरस्ट्रमला निसटता आलं त्यात त्या धुराचाही हात असणार असं मला वाटतं.

हा धूर कधी गेला तर १८८४ नंतर. पॉल व्हिएय या फ्रेंच माणसाने धूर न करणारी दारू त्या साली बनवली आणि १८८६ ला फ्रान्सच्या फौजेची लेबेल रायफल ती वापरणारी पहिली. त्याच्या आधीचा कुठलाही काळ दाखवत असाल, नेपोलियन दाखवा नाहीतर चौदावा लुई, बार निघाला की धूर पाहिजेच. ती काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक, आणि त्यातला सोरा अठराव्या शतकात इंग्रजांना कुठून मिळायचा, तर बिहारमधून, पाटण्याकडून, कंपनीची जहाजंच्या जहाजं भरून जायची. म्हणजे तिकडचे राजे एकमेकांवर जो धूर सोडत होते त्यातला पाऊण हिस्सा आपल्याकडच्या मातीतला. हे मालिकेत दाखवा अशी काही माझी मागणी नाही, पण निदान धूर तरी दाखवा.

दारूवरून आठवलं. दुसऱ्या एपिसोडला त्यांनी फ्रान्सची बातमी म्हणून बॅस्टिलचा तुरुंग दाखवलाय आणि जमाव तिथे कैद्यांना सोडवायला जातो असं. १४ जुलै १७८९ च्या सकाळी लोकांनी पॅरिसच्या इन्व्हालिद या लष्करी इमारतीतून हजारोंनी बंदुका उचलल्या, पण दारू जवळजवळ नव्हतीच, आणि दारूची पिंपं ठेवली होती बॅस्टिलमध्ये. म्हणून मोर्चा तिकडे वळला. कैदी आत सातच होते. बंदूक आहे पण दारू नाही यातून इतकं मोठं काही घडतं, आणि मालिकावाल्यांना बंदुकीत दारू घालावी लागते हेच माहीत नसावं असा संशय येतो, कारण आठ एपिसोडमध्ये एकदाही कोणी बंदूक भरताना दिसत नाही. एकदाही नाही! शिपायांच्या बंदुकांना नळीखाली गजच नाहीत, दोन-तीन क्लोज शॉटमध्ये मी मुद्दाम बघितलं. तयारीचा शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा, कागदी काडतूस दाताने फाडून, आणि ही सगळी कवायत घोटून घोटून बसवलेली असायची, युरोपच्या फौजांचं अर्धं शिक्षण म्हणजे हेच. ते एकदा नीट दाखवलं असतं तर लढाईचा सीन कुठच्या कुठे गेला असता.

आवाजाचं पण सांगतो. चकमकीच्या पिस्तुलाचा आवाज एक नसतो, आधी घोड्याचा खट्, मग वाटीतला फुस्स, आणि मग धडाम, तिन्ही जवळजवळ पण वेगळे कळतात. कधी कधी फुस्स होऊनच थांबतं, पावसाळ्यात जुन्या स्कूटरला किक मारत बसावं तशातली गत. मालिकेत काय, पिस्तूल हातात घेतलं की खर्रक खट् असा आजच्या बंदुकीचा आवाज, जिथे काहीच सरकत नाही तिथेसुद्धा.

आणि या भरवसा नसण्यावर किती राजघराणी वाचलीत. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा मुलगा, ड्यूक ऑफ यॉर्क फ्रेडरिक, याचं २६ मे १७८९ ला कर्नल लेनॉक्सशी द्वंद्व झालं. लेनॉक्सची गोळी ड्यूकच्या कानाजवळच्या कुरळ्या बटेला घासून गेली, आणि ड्यूकने आपण गोळी मारणारच नाही म्हणून सांगितलं, प्रकरण मिटलं. राजाच्या पोराचा जीव केसावर, तोही शब्दशः. मालिकेतल्या द्वंद्वात मात्र दोघेही चाळीस पावलांवरून एकमेकांच्या हातातली पिस्तुलं उडवतात. हे आपल्या जुन्या हिंदी पिक्चरमध्ये शोभतं.

व्हिक्टोरियाचंच घ्या परत. १८४० ला ती गरोदर असताना कॉन्स्टिट्यूशन हिलवर एडवर्ड ऑक्सफर्ड नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने दोन पिस्तुलं झाडली, दोन्ही चुकली, आत गोळ्या होत्या की नव्हत्या यावर कोर्टात वाद झाला. १८४२ ला जॉन फ्रान्सिस, त्याचं पिस्तूल पहिल्या दिवशी उडालंच नाही, आणि राणी दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच रस्त्याने निघाली, म्हणजे तो परत येईल आणि सापडेल, आला आणि सापडलाही. बाईची हिंमत बघा! त्यानंतर साधारण महिन्याभराने बीन नावाचा मुलगा, त्याच्या पिस्तुलात कागद आणि तंबाखू भरलेली. १८७२ ला आर्थर ओकॉनर मोडकं चकमकीचं पिस्तूल घेऊन आला, तेही गोळीशिवाय, आणि राणीच्या नोकराने, जॉन ब्राउनने, त्याला धरला. म्हणजे १८७२ मध्ये सुद्धा चकमकीचं पिस्तूल फिरत होतं, गरीब माणसाच्या हातात जुनं हत्यार असतंच, तेव्हा पुढच्या काळात मागची बंदूक दिसली तर मी कधीच तक्रार करणार नाही. मागच्या काळात पुढची दिसली की ती मात्र कुठूनच बसवता येत नाही.

आणि मग २८ जून १९१४, सारायेवो. गावरिलो प्रिन्सिपच्या हातात बेल्जियममध्ये बनलेलं ब्राउनिंगचं १९१० मॉडेल, खिशात मावणारं, मॅगझिनचं. दोन गोळ्या, ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी दोघं गेली, पुढे पहिलं महायुद्ध पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑक्सफर्ड पण पोरगाच, प्रिन्सिप पण एकोणीस वर्षांचा पोरगाच, दोघंही गाडीच्या जवळच उभे. मधल्या चौऱ्याहत्तर वर्षांत पोरं तीच राहिली, पिस्तुलं बदलली. १७९२ च्या माणसाच्या हातात तुम्ही सटासट चालणारं पिस्तूल दिलंत तर राजे लोक इतकी वर्षं उघड्या गाडीतून का फिरत होते तेच कळेनासं होतं.

तुम्ही म्हणाल ठाण्यात पाचपाखाडीत बसून या माणसाला युरोपच्या बंदुकांचं काय पडलंय. तर त्या आपल्याशी अगदीच संबंध नसलेल्या नाहीत. वॉटर्लूला १८१५ मध्ये इंग्रज शिपायांच्या हातात जी बंदूक होती तिला इंडिया पॅटर्न म्हणतात, कारण ते डिझाइनच ईस्ट इंडिया कंपनीचं, आपल्याकडच्या पलटणींसाठी केलेलं. जुन्या लांब बंदुकीची नळी ४६ इंच, हिची ३९, बनवायला सोपी आणि स्वस्त. १७९३ ला फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा इंग्लंडला बंदुका कमी पडल्या, कंपनीचा साठा घेतला आणि मग तेच डिझाइन फौजेने उचललं. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालन्याकडच्या असईला वेलस्ली शिंदे-भोसल्यांशी लढला तो कंपनीचं सैन्य घेऊन, आणि वॉटर्लूला सेनापती तोच. त्याच १७९० च्या आसपास महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात होत्या, चकमकीच्या बंदुका बनत होत्या. म्हणजे मालिकेतल्या सरदाराच्या हातात जे असायला हवं होतं ते तेव्हा आपल्याकडे कारखान्यात बनत होतं, आणि त्याच्या हातात नाही!

आणि आपण स्वतः याबाबतीत कमी हळवे आहोत असं नाही. आमच्या ठाण्याचं सेंट्रल जेल म्हणजे पोर्तुगीजांचा किल्ला, १७३७ ला मराठ्यांनी घेतलेला. उद्या कोणी त्यावर मालिका काढली आणि चिमाजी अप्पांच्या माणसांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर लावलं तर तलावपाळीवर मोर्चा येईल आणि तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर फोटो येईल. पगडीचा पेच चुकला तरी आपण पत्रं पाठवतो, मग तोड्याची, चकमकीची, केपची सगळ्या बंदुका एकच हे कसं चालतं? आपल्या ऐतिहासिक मालिकांत सुद्धा बऱ्याचदा हाच घोळ असतो, तलवारीवर जीव ओततात आणि बंदूक गोडाऊनमधून येईल ती.

निर्मात्यांची अडचण मला कळते. चकमक शूटिंगला दगा देते, दहा टेक वाया जातात. जुन्या हॉलिवूडमध्ये तर अमेरिकन फौजेच्या १८७३ च्या स्प्रिंगफील्ड रायफली घेऊन त्यांच्यावर खोटी चकमक बसवायचे, लांबून कळायचं नाही. म्हणजे खोटंच, पण डोळ्याला पटेल असं खोटं, त्याला माझी ना नाही. सुरक्षेचं तर त्याहून मोठं, २०२१ ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोत सेटवर रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटून सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स गेल्या, त्यानंतर खरी दारू वापरा असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण कॉम्प्युटरवर नळीच्या तोंडाशी भडका काढता येतो तर धूर पण काढता येतो. आणि इटलीत ब्रेशियाजवळच्या वाल त्रोम्पिया खोऱ्यात जुन्या बंदुकांच्या हुबेहूब नकला आजही बनतात, चकमकीच्या सुद्धा, जगभरचे हौशी लोक तिथूनच मागवतात. ज्यांनी झुंबरांवर इतका पैसा ओतला त्यांना चार पिस्तुलं जड नव्हती.

म्हणून विनंती एवढीच की तुमच्या परीक्षणकारांनी 'तपशील अचूक' लिहिण्याआधी एकदा पॉज करावं. स्क्रूपर्यंत जाऊ नका, ते माझ्यासारख्यांवर सोडा, पण घोड्यात गार आहे का, नळीखाली गज आहे का, बार निघाल्यावर धूर आहे का, आणि परत न भरता दुसरी गोळी निघाली का, एवढं कोणालाही बघता येतं. आणि राणीच्या सीनबद्दल पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा छापलात तर बरं होईल, कारण ते वाचून आमच्या घरातल्या दोघी चांगल्याच भडकल्यात आणि त्यांचं बरोबर आहे.

जाता जाता, दुसरा सीझन येतोय आणि जाहिरातीत साल १८४२ दाखवलंय. तेव्हा ती केपची पिस्तुलं बरोबर चालतील, निर्मात्यांना म्हणावं टाकून देऊ नका, फक्त तो स्टार स्क्रू तेवढा बदला.

आपला,
एक नियमित वाचक
पाचपाखाडी, ठाणे (प.)